रोड सायकलचे ट्यूबलेस टायर: पंक्चर काढणे आणि वर्षभराची निगा

ट्यूबलेस टायर पंक्चर होत नाही, असा समज सायकल विकत घेतानाच अनेकांच्या मनात बसतो. प्रत्यक्षात हा टायरही पंक्चर होतोच. बहुतेक वेळा आतले सीलंट, म्हणजे टायरात ओतलेला भोक बुजवणारा पातळ द्रव, ते भोक आपल्या नकळत बुजवून टाकते, एवढेच. फायदा यातच आहे आणि अडचणही यातच आहे, कारण टायरमध्ये किती काटे मोडून बसले आहेत, सीलंट किती उरले आहे आणि रिमवरची, स्पोकची भोके झाकणारी टेप कुठे सुटू लागली आहे, यांतले काहीही बाहेरून दिसत नाही. ट्यूबच्या सायकलला दर पंक्चरला टायर उघडावाच लागायचा, त्यामुळे त्याची तपासणी आपोआप व्हायची. ट्यूबलेसमध्ये ती आपण होऊन करावी लागते. म्हणून या लेखात रस्त्यावरच्या दुरुस्तीइतकाच भर घरी करायच्या कामावर दिला आहे, आणि सगळा विचार साताऱ्याचे रस्ते, इथला उन्हाळा आणि इथला पाऊस डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

इथल्या रस्त्यांवर टायरला काय काय लागते

कोरेगाव किंवा मेढ्याच्या दिशेने निघाले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेते लागतात आणि शेतांच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावलेल्या असतात. त्या वाळल्या की काटे डांबरावर येतात. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेच्या मातीत सराटे पसरतात आणि समोरून एसटी आली म्हणून सायकल कडेला घेतली, की ते टायरला चिकटतात. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमधून पडलेले पाचट कडेला साचते, आणि त्याखालचा खिळा किंवा काच दिसत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेने किंवा सेवारस्त्याने जाताना वेगळाच त्रास होतो: फुटलेल्या ट्रकच्या टायरांमधल्या, केसासारख्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर पडलेल्या असतात आणि त्या रबरात शिरल्या की डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. यवतेश्वरच्या घाटात आणि पुढे कासकडे, तसेच ठोसेघरच्या वाटेवर, पावसाळ्यात दरडीकडून निसटलेली काळ्या दगडाची धारदार कपची रस्त्यावर येते. ओले रबर कोरड्या रबरापेक्षा सहज कापले जाते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये टायर चिरण्याचे प्रमाण वाढते.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की कशाने भोक पडले यावर दुरुस्ती ठरते. काट्याचे भोक गोल आणि लहान असते. ते बुजवणे हे सीलंटचे नेमके काम आहे. तारेचे भोक त्याहून बारीक असते, पण तार आत तशीच राहिली तर दर फेऱ्याला ती हलते आणि बुजलेले भोक पुन्हा उघडते. कपचीने पडते ती चीर. तिच्या कडा चाकावर भार येताच फाकतात, आणि ३ मिलिमीटरहून मोठी चीर केवळ सीलंटच्या भरवशावर सोडता येत नाही.

रिम, टायर आणि हवेचा दाब

पुढचे काही करण्यापूर्वी आपल्या चाकाची रिम आणि टायर हे दोन्ही ट्यूबलेससाठीच बनवलेले आहेत, याची खात्री करून घ्यावी. माउंटन बाइकवर साध्या रिमला टेप लावून ती ट्यूबलेस करण्याचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत, पण रोड सायकलच्या टायरात दाब बराच जास्त असतो आणि उतारावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगात टायर रिमवरून सुटला तर सावरायला वाव राहत नाही. हा प्रयोग रोड सायकलवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिम दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात रिमच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला किंचित वळलेल्या असतात आणि टायरचा बीड, म्हणजे टायरची कडक किनार, त्या वळणाखाली अडकून बसतो. दुसऱ्या प्रकारात कडा सरळ असतात. त्यांना हूकलेस रिम म्हणतात. हूकलेस रिमवर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही हवेच्या दाबाची कमाल मर्यादा आहे, आणि तिच्यावर हूकलेस रिमसाठी चालतो असे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेलाच टायर बसवावा लागतो. टायरवर छापलेला कमाल आकडा आणि रिमवर छापलेला कमाल आकडा वेगवेगळे असतील, तर त्यांतला लहान आकडा आपला समजावा.

दाबाच्या बाबतीत जुनी सवय मोडणे अनेकांना जड जाते. २३ मिलिमीटरच्या टायरात १०० ते ११० पीएसआय हवा भरून वाढलेल्या पिढीला ६५ हा आकडा खोटाच वाटतो. परंतु ट्यूबच नसल्यामुळे खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चेचण्याची भीती इथे उरत नाही, आणि कमी दाबाचा टायर खडबडीत डांबरावर उड्या न मारता चिकटून चालतो. साधारण ७० किलो वजनाच्या स्वाराने २८ मिलिमीटरच्या टायरात पुढे ६० आणि मागे ६५ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि नंतर दोन-दोन पीएसआयने कमी-जास्त करत आपला आकडा ठरवावा. वळणावर टायर आडवा लवतो आहे असे वाटले किंवा खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला, तर दाब वाढवावा. पावसात तीन ते पाच पीएसआय कमी ठेवणे चांगले. दाब जितका कमी, तितके सीलंटला भोक बुजवणेही सोपे जाते, ही गोष्ट पंक्चरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

तापमानाचाही हिशेब ठेवावा. पहाटे १५ अंशांना ७० पीएसआय भरलेल्या टायरातला दाब दुपारी ३५ अंशांना सुमारे ६ पीएसआयने वाढतो. म्हणून हूकलेस रिमवर मर्यादेच्या अगदी काठापर्यंत हवा भरू नये, आणि उन्हाळ्यात सायकल बंद गाडीत ठेवून गाडी उन्हात उभी करू नये. ज्यांच्या सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक आहेत, त्यांनी पसरणी किंवा यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक सतत धरून न ठेवता वळणापूर्वी जोरात लावून पुन्हा सोडावेत, कारण सततच्या घर्षणाने तापलेली रिम आतली टेपही सैल करते.

बसवण्याचे काम: अर्धी पंक्चरे इथेच टळतात

रिमवरची टेप नीट बसली, तर पुढची निम्मी कटकट मिटते. जुनी टेप काढून रिमची आतली बाजू सर्जिकल स्पिरिटने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. बोटांचा तेलकटपणाही राहता कामा नये. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन ते तीन मिलिमीटर रुंद घ्यावी, म्हणजे ती मधल्या खाचेत उतरूनही दोन्ही कडांपर्यंत पोहोचते. व्हॉल्व्हच्या भोकाच्या एका बाजूला दहा सेंटिमीटरवर सुरुवात करावी, टेप दोन्ही हातांनी ताणून धरत, तिच्याखाली बुडबुडा राहू न देता पुढे न्यावी, आणि भोक ओलांडून आणखी दहा सेंटिमीटर गेल्यावर कापावी, म्हणजे भोकावर टेपचा दुहेरी थर येतो. टेप पातळ असेल तर रोडच्या दाबासाठी पूर्ण दोन फेरे द्यावेत. इलेक्ट्रिकची काळी टेप इथे चालत नाही. तिचा गोंद सीलंटने सुटतो. टेप लावून झाल्यावर व्हॉल्व्हचे भोक टोकदार दाभणाने पाडावे, ब्लेडने फुली मारून नव्हे, कारण फुलीची चीर पुढे फाटत जाते. मग साधी ट्यूब घालून टायर चढवावा, हवा भरून चाक रात्रभर तसेच ठेवावे. त्या दाबाने टेप खाचेत घट्ट बसते.

दुसऱ्या दिवशी एका बाजूचा बीड सोडवून ट्यूब काढावी. व्हॉल्व्हचे भोक टोकदार दाभणाने पाडावे, ब्लेडने फुली मारून नव्हे, कारण फुलीची चीर पुढे फाटत जाते. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह आत घालून बाहेरची चकती फक्त बोटांनी आवळावी. पक्कड लावून आवळलेली चकती वाटेत ट्यूब टाकायची वेळ आली की निघत नाही.

टायर चढवताना व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने सुरुवात करावी आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. रिमच्या मधोमध जी खोलगट खाच असते, तिथे परीघ सर्वांत कमी असतो. बीड त्या खाचेत ढकलत आणला, तर शेवटचे चार बोटे अंतर पार करायला लागणारी ढील तिथून मिळते. व्हॉल्व्हच्या बुडाशी मात्र बीड खाचेत उतरू शकत नाही, म्हणून तो भाग शेवटी ठेवायचा. टायर शेवटी अडला तर जोर लावण्याऐवजी समोरच्या बाजूपासून पुन्हा एकदा दोन्ही अंगठ्यांनी बीड खाचेत ढकलत यावे. दहा वेळांतून नऊ वेळा तो अडकतो तो याच कारणाने. धातूची पट्टी किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरला, तर टेपला चीर पडलीच म्हणून समजावे.

आता सीलंट न घालता आधी हवा भरून पाहावी. बीडवर साबणाचे पाणी लावावे, व्हॉल्व्हची आतली सुई, म्हणजे कोअर, काढून ठेवावी आणि मोठ्या पंपाने भराभर हवा मारावी. बीड जागेवर बसताना मोठे ठोके ऐकू येतात. ते घाबरण्यासारखे नसतात. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते, ती दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे टायर बसला.

पंपाने जमले नाही तर मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर उपयोगी पडतो, पण तिथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. रोड सायकलचा व्हॉल्व्ह बारीक असतो, त्यामुळे मोटारसायकलच्या नळीला जोडणारी पितळी टोपी आपल्या खिशात हवी. दुसरे म्हणजे, कॉम्प्रेसरच्या टाकीतला दाब पुष्कळ असतो आणि सायकलच्या टायरात हवा मावते थोडी, त्यामुळे डोळ्यांचे पाते लवेपर्यंत काटा मर्यादेच्या पुढे जातो. पंक्चरवाल्यांना सुरुवातीलाच सांगावे: “दादा, एकदम मारू नका. थोडी थोडी मारा, मी म्हटले की थांबा.” बीड बसल्याचे ठोके ऐकू आले की नळी काढून घ्यावी आणि उरलेली हवा घरी गेजच्या पंपाने भरावी.

टायर बसला की हवा सोडून सीलंट घालावे. बाटली निदान मिनिटभर जोरजोरात हलवावी, कारण भोक बुजवणारे बारीक कण तळाशी बसलेले असतात आणि न हलवता ओतले तर नुसते पांढरे पाणीच टायरात जाते. मेडिकलच्या दुकानातली मोठी सिरिंज आणि तिला बसणारी नळी घेतली, की कोअर काढलेल्या व्हॉल्व्हमधून माप धरून सीलंट घालता येते. २८ मिलिमीटरच्या टायरला ३० ते ४० मिलिलिटर, ३० ते ३२ च्या टायरला ४० ते ५० मिलिलिटर पुरते. आपल्याकडच्या काट्यांचा विचार करता मी वरची बाजू धरतो. दहा ग्रॅम वजन वाचवण्यात अर्थ नाही. डिस्क ब्रेकच्या चकतीवर किंवा पॅडवर सीलंट उडणार नाही, याची काळजी घ्यावी. मग कोअर बसवून हवा भरावी, चाक फिरवावे, दोन्ही कुशींवर थोडा वेळ आडवे ठेवावे आणि लगेच पाच-सात किलोमीटर चालवून आणावे. नव्या टायरच्या कुशीवर पहिले एक-दोन दिवस पांढरे ठिपके झिरपतात आणि हवाही थोडी उतरते. त्यानंतर ते थांबायला हवे.

रस्त्यात हवा जाऊ लागली तर

फुसफुस आवाज आला किंवा पायावर पांढरे थेंब उडाले, की लगेच थांबावे. टायरमधली हवा पूर्ण जाईपर्यंत चालवत राहिले, तर बीड रिमवरून सुटतो आणि मग वाटेतल्या छोट्या पंपाने तो पुन्हा बसवणे जवळपास अशक्य असते. घाटात असाल तर वळणाच्या तोंडाशी न थांबता, समोरून आणि मागून येणाऱ्यांना लांबून दिसेल अशा जागी, रस्ता सोडून उभे राहावे.

भोक शोधायला बहुधा वेळ लागत नाही, कारण सीलंट तिथून बाहेर येत असते. पावसात सगळेच ओले असेल, तर कान लावावा किंवा बाटलीतले पाणी थोडे थोडे टाकून बुडबुडे पाहावेत. काटा बारीक असेल तर तो उपटावा आणि चाक फिरवून भोक खालच्या बाजूला आणावे, म्हणजे सीलंट त्याच्यावर साचते. अर्धा ते एक मिनिट थांबावे. आवाज बंद झाला, की अंगठ्याने टायर दाबून पाहावा, ४० ते ४५ पीएसआयपर्यंत हवा भरावी आणि एक-दोन किलोमीटर हळू चालवून मग उरलेली हवा भरावी. लगेच पूर्ण हवा भरली, तर नुकतीच धरलेली गुठळी दाबाने बाहेर फेकली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मिनिटभरात आवाज थांबला नाही, तर अधिक वाट पाहू नये. सीलंट वाया जाते आणि बीड सुटण्याची वेळ जवळ येते. अशा वेळी प्लग घालावा. प्लग म्हणजे चिकट रबराची वात, आणि ती आत ढकलण्यासाठी टोकाला खाच असलेली जाड सुई असते. मोठा खिळा रुतलेला असेल, तर तो उपटण्यापूर्वीच वात सुईत ओवून हातात तयार ठेवावी. वात मधोमध ओवावी, सुई भोकातून सरळ आत घालावी, वातीची दोन्ही टोके साधारण एक सेंटिमीटर बाहेर राहतील इतकेच ढकलावे आणि सुई झटक्यात बाहेर ओढावी. वात आतच राहते आणि सीलंट तिच्याभोवती धरते. बाहेरची टोके तीन मिलिमीटर ठेवून कापावीत. अगदी टायरला भिडवून कापली तर वात आत ओढली जाऊ शकते. सुई फार खोल खुपसू नये, कारण रोडचा टायर लहान असतो आणि समोर लगेच रिमची टेप आहे. कार आणि मोटारसायकलसाठी मिळणाऱ्या जाड वाती इथे चालत नाहीत. त्या आत घालण्यासाठी भोक मोठे करावे लागते आणि टायरचे धागे तुटतात. सायकलसाठी साधारण दीड आणि साडेतीन मिलिमीटर अशा दोन जाडींच्या वाती मिळतात, त्या दोन्ही जवळ ठेवाव्यात.

हवा भरण्यासाठी अनेक जण कार्बन डायऑक्साइडची नळकांडी बाळगतात. १६ ग्रॅमचे एक नळकांडे २८ मिलिमीटरच्या टायरला पुरते. ते उघडताच बर्फासारखे थंड होते, म्हणून हातमोजा घालून धरावे. काही प्रकारचे सीलंट या थंड वायूने आतच थिजते. त्यामुळे व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून, खाली साचलेल्या सीलंटपासून दूर, वायू सोडावा. हा वायू रबरातून लवकर निघून जातो, म्हणून घरी आल्यावर तो सोडून देऊन साधी हवा भरावी. लांबच्या वाटेवर नळकांड्याबरोबर छोटा हातपंपही न्यावा असे मी सुचवेन, कारण नळकांडे एकदाच चालते.

ट्यूब टाकावी लागली तर आधी काटे वेचावेत

चीर मोठी असली, दोन वाती घालूनही हवा थांबली नाही किंवा बीड सुटला, तर शेवटचा उपाय म्हणजे ट्यूब. कास पठारावर किंवा मेढ्यापलीकडे महाबळेश्वरच्या चढावर रोड सायकलची ट्यूब विकत मिळण्याची आशा धरू नये आणि सगळीकडे मोबाइलला रेंज मिळेलच असेही नाही, म्हणून ट्यूबलेस असूनही एक ट्यूब सोबत असलीच पाहिजे. आपली रिम खोल असेल तर ट्यूबचा व्हॉल्व्हही तितकाच लांब हवा. हल्ली मिळणाऱ्या टीपीयूच्या, म्हणजे एक प्रकारच्या लवचिक प्लास्टिकच्या, पातळ ट्यूबा मुठीत मावतात आणि सोबत नेण्यासाठी फार सोयीच्या आहेत. मात्र त्यांना नेहमीच्या सोल्युशनने ठिगळ चिकटत नाही, त्यांचे ठिगळ वेगळे मिळते.

दोन्ही बाजूंचा बीड अंगठ्यांनी खाचेत ढकलून सोडवावा, एक बाजू प्लास्टिकच्या लिव्हरने बाहेर काढावी, ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढून खिशात ठेवावा आणि आतले सीलंट फडक्याने किंवा मूठभर गवताने पुसून घ्यावे. यानंतरचा टप्पा घाईत अनेकदा राहून जातो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या टायरने चार महिने एकही पंक्चर दाखवले नाही, तो उलटा करून उजेडात धरला, तर आतल्या बाजूला बाभळीच्या काट्यांची तपकिरी टोके रबरातून दोन-दोन मिलिमीटर वर आलेली दिसतात आणि प्रत्येकाभोवती वाळलेल्या सीलंटचे पांढरे कडे जमलेले असते. सीलंट आहे तोवर या टोकांचा काहीच उपद्रव नसतो. पण आत ट्यूब घालून हवा भरली, की त्यांतले प्रत्येक टोक ट्यूबला टोचते, आणि आपली एकुलती एक ट्यूब पहिल्या किलोमीटरलाच जाते. म्हणून टायरच्या आतून संपूर्ण फेरा घ्यावा. बोट थेट फिरवू नये. फडके गुंडाळून फिरवावे, टोक असेल तिथे ते अडकते. लांब काटे बाहेरच्या बाजूने उपटावेत. मोडलेले असतील तर आतून छोट्या पकडीने ओढावेत. महामार्गावरच्या तारेचा तुकडा असेल, तर तो फडक्याच्या धाग्याला अडकल्यावरच कळतो. पकडीची जागा नखे कापायचे नेलकटर उत्तम भरून काढते आणि ते खिशात जड होत नाही.

चीर मोठी असेल, तर तिच्या आतून ठिगळ ठेवावे लागते, नाहीतर ट्यूब तिच्यातून फुग्यासारखी बाहेर येते. जुन्या टायरच्या कुशीचा पाच सेंटिमीटरचा तुकडा यासाठी सर्वांत चांगला. तो नसेल तर एनर्जी जेलचे रिकामे पाकीट किंवा चार घड्या घातलेली दहाची नोट घरापर्यंत पोहोचवते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला गोल आकार द्यावा, टायरात बसवावी, बीड खाचेत ढकलत चढवावा आणि ट्यूब कुठे बीडखाली दबलेली नाही, हे दोन्ही बाजूंनी पाहूनच पूर्ण हवा भरावी.

घरी आल्यावर

वात घातलेला टायर हवा धरून असेल, तर भोक लहान असल्यास त्याला हात लावण्याची गरज नाही. अशा वाती टायरची नक्षी झिजेपर्यंत टिकतात. परंतु साडेतीन मिलिमीटरची वात लागली असेल, किंवा एकाच भोकात दोन वाती असतील, तर मी आतून ठिगळ लावल्याशिवाय त्या टायरावर घाट उतरणार नाही.

ठिगळ लावण्यासाठी टायर काढून आतून धुवावा आणि पूर्ण वाळवावा. भोकाभोवतीचा भाग ठिगळापेक्षा थोडा मोठा घेऊन बारीक पॉलिश पेपरने घासावा. सीलंटचा वाळलेला पापुद्रा एवढासा जरी राहिला, तरी ठिगळ सुटते, म्हणून तो भाग मळकट काळा आणि खरखरीत दिसेपर्यंत घासणे भाग आहे. मग स्पिरिटने पुसावे, सोल्युशनचा पातळ थर द्यावा आणि त्याची चमक जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटे, थांबावे. ओल्या सोल्युशनवर घाईने ठेवलेले ठिगळ टिकत नाही. ठिगळ मधून कडेकडे दाबत बसवावे आणि चमच्याच्या पाठीने घोटावे. रात्रभर ठेवून मग टायर चढवावा. कुशीची चीर मात्र निराळी गोष्ट आहे. तिथे रबर पातळ असते आणि दर फेऱ्याला वाकते. धागे तुटलेले दिसत असतील तर ठिगळाने तो टायर वाचत नाही.

हवा हळूहळू जात असेल, तर भोकच असेल असे धरून चालू नये. साबणाचे पाणी ब्रशने लावत एकेक जागा तपासावी. व्हॉल्व्हच्या तोंडातून बुडबुडे आले, तर कोअर सैल आहे किंवा तिच्यावर सीलंट वाळले आहे. ती काढून साफ करावी, नाहीतर नवी घालावी, ती स्वस्त असते. व्हॉल्व्हच्या बुडाशी आले, तर चकती आवळावी आणि रबरी बूड फाटले आहे का ते पाहावे. रिमच्या कडेने येत असतील, तर बीडखाली कचरा किंवा सीलंटची गुठळी आहे. आणि बुडबुडे स्पोकच्या मुळाशी दिसले, तर दोष टायरचा नसून टेपचा आहे. सीलंट कितीही ओतले तरी तो जात नाही. टेप काढून पहिल्यापासून लावावी लागते.

वर्षाचे वेळापत्रक

दर वेळी निघण्यापूर्वी गेजने दाब पाहावा. बोटाने दाबून ट्यूबलेसचा अंदाज येत नाही. आठवड्यातून एकदा टायरवरून ओले फडके फिरवून नक्षीत रुतलेले खडे आणि काचा टोकदार काडीने काढाव्यात. रुतलेला खडा पहिल्या दिवशी टायर कापत नाही. तो रोज थोडा थोडा आत जातो.

सीलंट किती उरले हे पाहण्यासाठी चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणावा, पाच मिनिटे थांबावे, मग तो थोडा बाजूला घेऊन हवा सोडावी, कोअर काढावी, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आणून त्यातून प्लास्टिकची बारीक पट्टी आत सरकवावी. पट्टी ओली आली तर ठीक. कोरडी आली किंवा चिकट दोरे घेऊन आली, तर नवे सीलंट घालावे. मार्च ते मे या महिन्यांत ते फार लवकर आटते, त्यामुळे या काळात दर सहा ते आठ आठवड्यांनी पाहावे. एरवी दोन ते तीन महिन्यांनी. वेगवेगळ्या कंपन्यांची सीलंटे एकमेकांत मिसळू नयेत, कारण काही एकत्र येताच फुटतात आणि टायरात दह्यासारख्या गुठळ्या होतात. कंपनी बदलायची असेल तर टायर काढून पूर्ण पुसावा.

वर्षातून दोनदा टायर पूर्ण उतरवून आतले काटे वेचावेत, वाळलेले पापुद्रे सोलावेत आणि टेप पाहावी. त्यासाठी साताऱ्यात मे महिन्याचा शेवट आणि ऑक्टोबरचा शेवट हे दोन मुहूर्त मला योग्य वाटतात: पहिला पाऊस सुरू होण्यापूर्वीचा, दुसरा कासचा फुलांचा हंगाम संपून सराटे आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात त्या सुमाराचा. पावसाळ्यात सायकल नुसती उभी राहणार असेल, तर टायरमधली हवा पूर्ण उतरू देऊ नये. आठवड्याला हवा पाहावी आणि चाक फिरवून व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी ठेवावा, म्हणजे सीलंट व्हॉल्व्हमध्ये जाऊन वाळत नाही.

मागचा टायर पुढच्याच्या आधी झिजतो. काही टायरांवर झीज दाखवणारे छोटे खळगे असतात. ते दिसेनासे झाले, नक्षीतून धागे डोकावू लागले, मधला भाग सपाट झाला किंवा लहान काट्यांनाही सीलंट पुरेनासे झाले, की टायर बदलावा. नवा टायर पुढे घालावा आणि पुढचा मागे न्यावा, कारण पुढचा टायर सुटला तर पडणे टळत नाही. जुन्या टायरच्या कुशीचे पाच-पाच सेंटिमीटरचे दोन तुकडे कापून, त्यांच्या कडा घासून, वाती, कोअरचा छोटा पाना, ट्यूब, लिव्हर आणि नेलकटरबरोबर सीटखालच्या पिशवीत ठेवावेत.